एकोणऐंशी म्हणजे किती

ज्ञानाचा एक महासागर आटला.

मधू, हे वाक्य माझं नाही. कोपरीत तुझ्या सोसायटीच्या गेटवर जो फ्लेक्स लागलाय, त्यावर तुझ्या फोटोखाली पिवळ्या अक्षरांत ते छापलं आहे आणि पुढे तीन उद्गारचिन्हं आहेत. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू शेजारीच उभा असल्यासारखं ऐकू आलं, "महासागर आटत नसतात रे. अरल समुद्र आटला, पण तो मुळात सरोवर. तेव्हा तेही उदाहरण चालायचं नाही."

फ्लेक्सवर आणखी एक चूक आहे. ती कोणाची, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तिच्याकडे येतो, पण जरा वळसा घालून.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. अकरा जण बोलले. त्यांतले चौघे तुझ्याबद्दल बोलले. एकाने तुला ज्ञानमहर्षी केलं, दुसऱ्याने चालताबोलता ज्ञानकोश. अध्यक्ष उशिरा आले, तुझं नाव शेजाऱ्याला विचारून घेतलं आणि म्हणाले, "सोन्यासारखा माणूस गेला." बाकी कशाने नाही, पण त्या वाक्याने मी खुर्चीत चुळबुळलो. सोनं हा शब्द गेली सात वर्षं मी तुझ्यासमोर जपून वापरत आलो होतो. नंतर मला बोलायला सांगितलं. मी उठलो, मधू माझा चांगला मित्र होता असं म्हणालो आणि बसलो. बाहेर चपला शोधताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढंच?"

एवढंच कसं असेल? पण उरलेलं माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे तुझ्याकडे ज्ञान नव्हतं. हे मी तुझ्या तोंडावर कित्येकदा बोललोय, तेव्हा आता मागे बोलतोय असं समजू नकोस. तुझ्याकडे माहिती होती. अफाट, बिनकामाची, वर्गवारी न केलेली माहिती. आपण बत्तीस वर्षं एकाच कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसलो, त्यातली निम्मी तरी वर्षं तू फायलीवरून डोकं वर काढून मला विचारायचास, "हेडक्लार्क, सांग, सगळ्यांत लांब किनारा कुठल्या देशाला?" मी हेडक्लार्क कधीच नव्हतो. माझं अक्षर चांगलं होतं, आणि तेवढ्यावर तू मला परस्पर बढती देऊन टाकली होतीस. किनारा कॅनडाला. साहेबांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि हे माहीत नसल्याने ठाणे जिल्ह्याचं काहीही अडत नव्हतं.

निवृत्तीनंतर तुझी पंचाईत झाली. वहिनींना विचारायला लागलास तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मला डाळीचा भाव विचारा, बाकी काही विचारू नका." मग बाळकुमला राहणारी तुझी भाची प्राजक्ता मदतीला आली. तिच्या कॉम्प्लेक्ससमोर एक बार-रेस्टॉरंट निघालं होतं. नाव लिहीत नाही, पण त्यात 'लाउंज' हा शब्द आहे. रविवारी दुपारी चारला तिथे कुत्रं फिरकत नसे, म्हणून मालकाने क्विझ सुरू केलं. प्राजक्ताने तुला फोन केला, "मामा, तुझ्यासाठी एक जागा सापडलीय. तिथे लोक स्वतःहून प्रश्न विचारतात." तू मला फोन केलास. मी म्हटलं, या वयात बारमध्ये? तू म्हणालास, "या वयात नाही तर कधी? आणि मी लिंबू सोडा घेणार आहे." शेवटपर्यंत तोच घेतलास. बिअर मी घ्यायचो आणि चर्चा तुला चढायची.

टीमचं नाव तू ठेवलंस, 'अवांतर'. शाळेतल्या अवांतर वाचनातलं. क्विझमास्टर एक तिशीतला गृहस्थ होता, भर मेमध्ये जाकीट घालणारा. त्याने कागदावर नाव वाचलं आणि माइकवरून जाहीर केलं, "अँड वेलकम, टीम अवतार!" तू उठून दुरुस्ती केलीस. त्याने मान डोलावली आणि फळ्यावर पुन्हा अवतारच लिहिलं. प्राजक्ता आपल्या दोघांकडे बघत म्हणाली, "राहू दे मामा. तसं बघितलं तर चुकीचं नाहीये."

कामाची विभागणी आपोआप झाली. सिनेमा, क्रिकेट, मोबाइल हे प्राजक्ताकडे, कारण ते सगळं तुझ्या मते ज्ञान नसून चहाडी होतं. बाकी विश्व तुझ्याकडे. मी लिहायचो. तू चष्मा काढून डोळे मिटून बसायचास, उत्तर आलं की तोंडासमोर हात धरून कुजबुजायचास, आणि मी लिहिलेलं एकदाही तपासायचा नाहीस. "हेडक्लार्कने लिहिलंय ना, मग झालं."

आणि आपलं ते गुप्त शस्त्र. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तुझ्या लक्षात आलं की शेजारच्या टेबलावरची मंडळी आपली उत्तरं ऐकतात. नावं ऐकली तर त्यांना कळायची. पण कुठल्याशा डोंगराच्या उंचीचा आकडा तू मराठीत बोललास आणि ती चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिली. सगळी मराठीच, कोणी नौपाड्याची, कोणी डोंबिवलीची. पण अडुसष्ट म्हणजे किती हे चौघांत मिळून कोणालाही सांगता येईना. तू इतका खूश झालास की घरी जाताना तीन वेळा म्हणालास, "आपल्याकडे सांकेतिक भाषा आहे रे! आणि ती आपल्याला दुसरीत फुकट शिकवलीय!" तेव्हापासून आकडे मोठ्याने बोलायचे आणि मराठीतच बोलायचे, असा टीमचा नियम झाला.

तुझं सगळंच मराठीत होतं, हीच अडचण होती. कुठला ग्रह कुशीवर लवंडून सूर्याभोवती फिरतो, असं एकदा विचारलं. तुझा हात वीज लागल्यासारखा वर. "हर्षल!"

क्विझमास्टर म्हणाला, "सर, प्लॅनेट हवाय. माणूस नको."

प्राजक्ता हळूच म्हणाली, "हर्षल माझ्या ऑफिसात आहे, मामा. आणि तो पण कुशीवरच असतो."

युरेनस असं इंग्रजीत न म्हटल्याने आपला गुण गेला. तू माइक मागून घेतलास आणि सांगितलंस की ज्या माणसाने तो ग्रह शोधला त्याचं नाव त्याच्या लोकांनी टाकून दिलं आणि आपल्या पत्रिकावाल्यांनी अजून जपलंय, तेव्हा चुकीचं कोण ते इथल्या सुशिक्षितांनी ठरवावं. गुण मिळाला नाही. टाळ्या मिळाल्या. तुला दोन्हींतलं काय हवं होतं ते मला अजून नक्की माहीत नाही.

परतीच्या शेअर रिक्षात बाळकुम नाक्यापासून स्टेशनपर्यंत आपलं ठरलेलं भांडण व्हायचं. एका रविवारी मी चिडून विचारलं, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे कळून तुझं काय भलं झालं?"

"माझं एकच आहे, ते सांभाळायला बायको लागते," तू म्हणालास. "त्या बिचाऱ्याचं काय होत असेल, एवढा तरी विचार सुचला."

पुढून रिक्षावाला म्हणाला, "काका, खरंच तीन दिल? म्हणजे एक तुटलं तरी दोन चालू?"

तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. "बघ. झाला उपयोग. हा आज घरी जाऊन चार जणांना सांगणार."

"म्हणजे चार लोकांचा वेळ जाणार."

"तुझं काय आहे हेडक्लार्क, तुला प्रत्येक कागदाला जावक क्रमांक लागतो."

हे भांडण संपलं नाही. माझ्याकडे आता त्यावर एक चांगला मुद्दा आहे, पण समोर ऐकायला कोणी नाही.

आता सोन्याकडे येतो.

लाउंजच्या काउंटरमागे एक लाकडी बोर्ड आहे. शाळेत गुणवंतांचा असतो तसा. वर्षअखेरच्या फायनलमध्ये जिंकणाऱ्या टीमचं नाव त्यावर सोनेरी रंगात रंगवतात. बाकी सगळ्या थाटामाटाची तू माझ्याइतकीच टर उडवायचास, पण त्या बोर्डाकडे मात्र आत शिरताना आणि निघताना असा दोनदा बघायचास. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "नाव लागलं तर निदान रंगारी तरी स्पेलिंग विचारायला येईल. अवांतर असं एकदा बरोबर लिहिलेलं बघायचंय." तू थट्टेत बोललास. मी बत्तीस वर्षं तुझ्यासमोर बसलो होतो, थट्टा नव्हती ती.

सात वर्षांपूर्वीची फायनल. आपण आणि एकसारख्या टी-शर्टातली एक टीम बरोबरीत. शेवटचा प्रश्न: सोन्याचा अणुक्रमांक किती? तू डोळेही मिटले नाहीस. पुढे वाकलास, तोंडासमोर हात धरलास आणि नियमाप्रमाणे मराठीत म्हणालास, "एकोणऐंशी."

मी लिहिलं, ८९.

प्राजक्ताने कागद बघितला आणि अंगठा दाखवला. कागद गेला. क्विझमास्टरने उत्तर सांगितलं, सेव्हन्टी नाइन. तू लिंबू सोड्याचा ग्लास उचलून म्हणालास, "रंगाऱ्याला बोलवा!" मग त्याने आपला कागद वाचला. "टीम अवतार, एट्टी नाइन. ओह! सो क्लोज, सर!"

तू उभा राहिलास. "अणुक्रमांकात क्लोज नसतं," हे आधी त्याला सांगितलंस, कारण चूक ती चूक. मग माझ्याकडे वळलास.

"काय लिहिलंस?"

"तू बोललास ते."

"मी काय बोललो?"

"एकोणनव्वद."

"मी एकोणऐंशी म्हणालो."

"मधू, नवी कवळी आहे तुझी. नव्वद आणि ऐंशी तुझ्या तोंडून एकच ऐकू येतं."

ते वाक्य मला इतक्या झटकन कसं सुचलं याचं मलाच नवल वाटतं. कचेरीत अर्धं आयुष्य चूक कोणाच्या टेबलावर झाली हे ठरवण्यात गेलं, त्या सवयीने जीभ वळली असेल. तू फक्त हात गालावर नेलास आणि कवळी आहे त्या जागी बोटाने दाबून बघितलंस. परतताना स्टेशनपर्यंत तू एकही प्रश्न विचारला नाहीस. त्या दिवशीच्या रिक्षावाल्याला काहीही कळलं नाही.

मधू, तू एकोणऐंशीच म्हणाला होतास. स्वच्छ, खणखणीत म्हणालास. मी नीट ऐकलं. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी हे मला दुसरीपासून पाठ आहे. पण कानात ऐंशी शिरली की हात आठ काढून मोकळा होतो. नऊ लिहीपर्यंत डोकं पोहोचतं, तोवर आठ लिहून झालेला असतो. एवढंच झालं. हे त्याच मिनिटाला सांगितलं असतं तर तू मला महिनाभर छळलं असतंस आणि विषय संपला असता.

पण मी सांगितलं नाही, आणि पंधरा दिवसांनी तू दुसरी कवळी बसवून आलास. लाउंजमध्ये बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "आता ऐकू येतं ना?" माझ्या घशात पापड अडकला. शिवाय त्या दिवसापासून तू आकडे सुटे बोलायला लागलास. त्रेसष्ट नाही, 'सहा-तीन'. अठ्ठ्याऐंशी नाही, 'आठ-आठ'. जुन्या संख्यांचा एवढा अभिमानी माणूस, माझ्यासमोर पोस्टाच्या पिनकोडसारखा बोलायला लागला.

नंतर शाळेच्या पुस्तकात 'सत्तर नऊ', 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं आणि घरोघरी वाद पेटले, आठवतं? तू वर्तमानपत्राला पत्रं लिहिलीस, सोसायटीत सह्या गोळा केल्यास. आणि मी, अशुद्ध मराठीमुळे ज्याला दुकानांच्या पाट्याही वाचवत नाहीत तो मी, एकटा म्हणालो, "चांगलं आहे की. पोरांना सोपं पडेल."

"तू?" तू म्हणालास. "हेडक्लार्क, तू? तुला ताप आलाय का?"

तीन रविवार आपण प्राजक्ताला मध्ये बसवून तिच्यामार्फत बोललो. मी काही तात्त्विक कारणं दिली होती, ती सगळी खोटी होती. खरं कारण असं की पाठ्यपुस्तकवाले थोडे आधी जागे झाले असते आणि तू 'सत्तर नऊ' म्हणाला असतास, तर आपलं नाव बोर्डावर असतं.

त्यानंतर आपण दोनदा तिसरे आलो, एकदा दुसरे. पहिले कधीच नाही.

शेवटचं भेटलो ते तुझ्या घरी, दुपारी. तुझ्या नाकाशी नळी होती, कोपऱ्यात ते ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं, आणि तुझी स्मरणशक्ती ठणठणीत होती. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला. बोट माझ्यापुढे करून तू म्हणालास, "वाच."

"एकोणनव्वद."

"नीट बघ. एकोणनव्वद की एकोणऐंशी? या खेपेला फरक पडतो." आणि हसलास, हसताना खोकलास, खोकताना पुन्हा हसलास.

"आठ-नऊ," मी म्हटलं.

"हां. असं बोल."

तेव्हा मी सांगणार होतो. खरंच. खुर्ची पुढे ओढली, 'मधू' एवढं म्हणालोही. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. तू कपाकडे बघितलंस आणि तुझे डोळे चमकले. "दरडोई चहा पिण्यात पहिला देश कुठला?"

"आपणच की."

तू मान हलवलीस. मला चुकलेलं बघून तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते आलं. "तुर्कस्तान," म्हणालास आणि डोळे मिटलेस. झोप लागली. मी चहा पिऊन निघालो.

माणसाने मित्राला उद्देशून उच्चारलेल्या अखेरच्या शब्दांबद्दल सभेत बरंच काही बोलतात. मला उद्देशून तुझा अखेरचा शब्द 'तुर्कस्तान' हा आहे. आता सांग, हे माइकवर कसं सांगणार?

तू गेलास त्या सकाळी ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या चिटणीसांनी फ्लेक्सचा मजकूर कागदावर खरडला आणि तो कळवायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. अक्षराचा फोनवर काय उपयोग हे कोणी विचारलं नाही. चष्मा डोंबिवलीला घरी राहिला होता, टाइप करणं शक्य नव्हतं, म्हणून चिटणीसांनी मला वाचून दाखवलं आणि मी फ्लेक्सवाल्या राजूला फोनवर सांगितलं. 'वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी.' अगदी सावकाश सांगितलं.

संध्याकाळी फ्लेक्स लागला. वयाच्या ८९ व्या वर्षी.

मी तडक राजूच्या दुकानात गेलो. "राजू, ८९ कसं काय छापलंस?"

"तुम्हीच बोललात ना काका. एकोणऐंशी."

"एकोणऐंशी म्हणजे किती?"

"एट्टी नाइन."

"सेव्हन्टी नाइन!"

राजूने बोटांवर काहीतरी केलं. "मग त्यात ऐंशी कशाला बोलायचं?" मग तो म्हणाला, "आणि काका, तुमचा आवाजच नीट येत नव्हता. शब्द तुटत होते."

मधू, तेव्हा माझा हात आपोआप गालावर गेला. माझे दात माझे आहेत. एकही हलत नाही. पण मी दुकानाच्या काचेत तोंड उघडून बघितलं.

फायनलच्या त्या क्षणी तुला ते कसं लागलं असेल हे मला सात वर्षांनी समजलं. स्वच्छ बोलावं, आणि समोरच्याने आपलंच तोंड तपासायला लावावं. मी राजूला ओरडणार होतो, पण कोणत्या तोंडाने ओरडणार? तो म्हणाला, "सातचा स्टिकर मारतो उद्या. पण ठेवलं तरी चालेल, काका. दहा वर्षं जास्त जगले असंच वाटेल लोकांना."

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कोपरीला आलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. फायनल, ८९, माझं खोटं, तुझी कवळी. सांगताना माझा आवाज बराच गंभीर झाला असावा, कारण वहिनींनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"कवळी?" त्या म्हणाल्या. "ती भाकरी खाताना टोचायची हो, भावजी. हिरडी सोलून निघाली होती. दोन महिने मी मागे लागले होते, तेव्हा कुठे गेले दातवाल्याकडे. तुमचा काय संबंध?"

सात वर्षं मी ज्या कवळीचं ओझं वाहिलं, ती भाकरीमुळे बदलली होती.

मग त्या आत गेल्या आणि तुझी वही घेऊन आल्या, तपकिरी कव्हर घातलेली. "ही तुम्हाला द्यायची म्हणाले होते. त्यात काय आहे ते मला विचारू नका, मी उघडली नाही." तू अशी वही ठेवतोस हे मला माहीतच नव्हतं. प्रत्येक रविवारची चुकलेली उत्तरं, बरोबर उत्तर आणि शेवटच्या रकान्यात चुकण्याचं कारण. 'प्रा. ने घाई केली.' 'मी विसरलो, वय.' 'हे. क्ला. चे चुकले, नेहमीप्रमाणे.' 'हे. क्ला. ने हट्ट केला.' 'हे. क्ला.' पानोपानी आहे. तू माझं काहीही सोडलेलं नाहीस.

त्या फायनलचं पान शोधलं. तिथे लिहिलंय: 'सोने. ७९. लिहिताना ८९ झाले.'

झाले.

आपण दोघांनी मिळून हजारो टिपणं लिहिली, मधू. फाईल गहाळ झाली. नोंद घेण्याचे राहून गेले. कोणाला वाचवायचं असलं की आपण माणूस वाक्यातून बाहेर काढायचो आणि काम आपोआप घडवायचो. हे तंत्र तूच मला शिकवलंस. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं. ते 'आता ऐकू येतं ना' पण माहीत असूनच होतं. सात वर्षं प्रत्येक रविवारी तू मला तो चिमटा काढत होतास आणि मी तुझी कीव करत होतो. आकडे सुटे बोलायला लागलास ते तुझ्या तोंडासाठी नव्हतं, माझ्या कानासाठी होतं. सह्या मात्र त्याच पद्धतीच्या विरोधात गोळा केल्यास. मला सांभाळायचं, पण तत्त्व सोडायचं नाही.

मी वहीवर डोकं टेकवून बराच वेळ हसलो. वहिनींना वाटलं रडतोय. त्यांनी पाणी आणून दिलं.

काल रविवार होता. मी आणि प्राजक्ता लाउंजमध्ये गेलो. क्विझमास्टरने जाकिटाचं बटण लावून 'टीम अवतार'च्या ज्येष्ठ सदस्यासाठी एक मिनिट शांतता पाळायला सांगितलं. शांततेत आतला मिक्सर चालू होता, चटणी होत होती. एका प्रश्नाला मी पुरा आकडा लिहिला, मग तो अंकांत वाचला, मग मराठीत, मग बोटांवर. प्राजक्ता म्हणाली, "काका, वेळ संपतेय." आपण चौथे आलो. टीम पाचच होत्या.

परतताना रिक्षात मी तिलाही सांगितलं. म्हटलं, मामा एकोणऐंशी म्हणाला होता, मी ८९ लिहिलं.

ती म्हणाली, "हो, मग? मी मध्येच बसले होते ना. ऐकलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार काय? मामा एकोणऐंशी बोलला, तुम्ही एट्टी नाइन लिहिलं. बरोबरच लिहिलंत. मामालाच उत्तर चुकीचं माहीत होतं असं मला आतापर्यंत वाटत होतं."

मी तिला ऐंशीला एक कमी समजावून सांगितलं. ती मग म्हणाली, "बिचारा मामा. सात वर्षं मी त्याला मनातल्या मनात माफ करत होते."

म्हणजे बघ. तू मला माफ करत होतास, मी कवळीबद्दल स्वतःला माफ करत नव्हतो, आणि प्राजक्ता तुला माफ करत होती. तिघांनी एकदा दोनचा पाढा तपासतात तसा तो आकडा कागदावर तपासला असता तर चहाच्या वेळेत निकाल लागला असता. माझा चांगला मुद्दा म्हणालो होतो तो हाच: माहिती असून भागत नाही, ती पलीकडे पोचावी लागते. यावर तू म्हणाला असतास, "हेही माहितीच झाली." म्हण.

स्टेशन आलं तेव्हा मी रिक्षावाल्याला सांगितलं की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. का सांगितलं, माहीत नाही. तो म्हणाला, "सुट्टे द्या, काका." सुरुवात म्हणून वाईट नाही. पुढच्या रविवारी दुसरा असेल.

राजूने सातचा स्टिकर लावलेला नाही आणि मी मागे लागलेलो नाही. सभेत तुला सोन्यासारखा माणूस म्हणाले. तू एकोणऐंशीचा होतास, तेव्हा अध्यक्ष नकळत बरोबर बोलले असं कोणी म्हणेल, आणि असला लेख तिथे संपवतात हेही मला ठाऊक आहे. पण गेटवर अजून ८९ आहे. ८९ हा ॲक्टिनियम नावाच्या कुठल्याशा धातूचा अणुक्रमांक.